चुंबकाला चिकटलेली नाणी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल अप्पांची नाण्यांची पिशवी भंगारवाल्याकडे नेली. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडता फाडता अप्पांनी जुनी तांब्याची नाणी वेचून ठेवली, नाण्यापेक्षा आतलं तांबं महाग जाईल म्हणून. ती विकून आईला कानाचं यंत्र घ्यायचं, हे तुझ्यासमोरच ठरलं होतं.

भंगारवाल्याने चुंबक फिरवलं आणि निम्मी नाणी त्याला जाऊन चिकटली. आत लोखंड, वर तांब्याचा नुसता मुलामा. नवी नाणी अशीच येतात म्हणे. मला गंडवायला आलात का, असं त्याने चार माणसांत विचारलं.

अप्पा साल पाहिल्याशिवाय नाणं आत टाकत नसत. शेवटची पाच वर्षं ते तुझ्याकडे होते, पिशवीही तुझ्याकडेच. तू बँकेत चिल्लर मोजतेस. चांगली काढून नवी भरायला कितीसा वेळ लागला असेल? मेहुण्यांची नवी स्कूटर छान आहे.

लोभ होता, तो आटोपला.
तुझा भाऊ

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आशीर्वाद सवयीने लिहिला, मनात नाही.

पाच वर्षांत अप्पांना भेटायला तू चारदा आलास, त्यात दोनदा उभ्याउभ्या. म्हणून तुला पत्ता नाही, की त्यांना दिसत नव्हतं. कुणाला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. संध्याकाळी मी आले की ते सुटी नाणी मागायचे आणि एकेक पुढे धरून साल विचारायचे. पुढे जुनी मिळेनाशी झाली, तसं जेवणावरून त्यांचं मन उडालं. एकदा मी नव्या नाण्याला जुनं साल सांगितलं. त्या दिवशी त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली. मग मी रोजच खोटं सांगत गेले.

विकायचं ठरलं तेव्हा बोलायला हवं होतं. आईसमोर धीर झाला नाही. स्कूटर हप्त्यांवर आहे. कागद बघायला ये, नाहीतर येऊच नकोस.

लोभाचं तू बघ.
तुझी चोर बहीण

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

माझा राग गेलेला नाही. वेळीच बोलली असतीस, तर माझी शोभा झाली नसती. खऱ्या तांब्याचे पैसे एकाच कानाच्या यंत्राला पुरले. लोखंडी नाणी भंगारात कवडीमोल, पण वाण्याकडे छापील किमतीला चालतात. त्यांतून यंत्राचे सेल आणतो.

आईला यंत्र बसवलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, अप्पांना ठाऊक होतं. नवं नाणं जरा जाड असतं, ते त्यांच्या बोटांना कळायचं. ती तुझ्याकडे आली असताना त्यांनी तिला सांगितलं होतं, की पोरगी सालं खोटी सांगते, पण तेवढाच वेळ माझ्यापाशी बसते, तिला काही बोलू नकोस.

आईने लिहायला लावलं म्हणून लिहिलं. तुला चोर ठरवलं, ते मागे घेतो. बाकीचं घेत नाही.

रविवारी कागद बघायला येतोय.
धाकटा