कुंडी क्रमांक एकमधले झाड माझ्या मिळकतीत धरू नये

मी माझ्या हाताने केलेल्या वस्तू अशा: एक, राहत्या घराचे जोत्यापर्यंतचे चिऱ्याचे बांधकाम. दोन, त्याच घराची संपूर्ण वायरिंग. आजवर एकदाही फ्यूज गेलेला नाही. तीन, ओसरीवरचा झोपाळा, जो करकरत नाही. चार, सिमेंटच्या कुंड्यांचे पत्र्याचे बावीस साचे. पाच, त्या साच्यांतून काढलेल्या चार हजार एकशे सहा कुंड्या. सहा, भंगारातल्या तीन गाड्यांमधून जोडलेली एक मोटारसायकल. सातव्या क्रमांकावर अडेनियमचे झाड होते. ते खोडले आहे. कारण कलम चारमध्ये दिले आहे.

लिहून ठेवणार: दत्तात्रेय अनंता थळे, वय ५८, धंदा कुंड्या बनवणे, राहणार किहीम, तालुका अलिबाग. शिक्षण आठवी. पुढचे कोणी शिकवले नाही. बघितले, मोडले, पुन्हा जोडले. हे मी शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून किंवा दाबाखाली न येता लिहीत आहे. गेले अकरा दिवस मला धक्का बसलेला आहे. पण धक्का बसलेल्या माणसाची बुद्धी जागेवर असू शकते, असा दाखला डॉक्टरांकडून घेऊन सोबत जोडला आहे.

कलम १. दिनांक ९ डिसेंबर २०२० रोजी अलिबागला नोंदवलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझा मुलगा निकेत याच्याविषयी एकच वाक्य होते: ‘यास काहीही देऊ नये.’ वकिलांनी विचारले होते, थोडे सौम्य लिहू का. मी नको म्हटले होते. ते वाक्य विशेषकरून रद्द समजावे.

कलम २. घर आणि नारळाची अकरा झाडे पत्नी सौ. कमळ हिच्या हयातीपर्यंत तिची. तिच्यानंतर निकेत व मुलगी विनिता यांना निम्मे निम्मे. झोपाळा विकू नये, हलवूही नये. त्याचे हूक मी तुळईला मोजून मारले आहेत, दुसरीकडे तो करकरेल.

कलम ३. बँकेतली ठेव विनिताची. गवंडीकामाची हत्यारे शेजारी रावजी कवळे यास, कारण त्यातली चांगली थापी त्याने २०१६ सालीच नेली आहे आणि परत केलेली नाही. बाकीची त्याच्याकडे गेली म्हणजे तिला सोबत होईल.

कलम ४. हे लांबेल. वाचणाऱ्याने बसून वाचावे.

अडेनियम म्हणजे जाड बुंध्याचे झाड. पोटात पाणी साठवते, म्हणून त्याला वरून पाणी कमीच लागते, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या पावसात ते सहज कुजते. माझे झाड मी १९९९ साली बियांपासून केले आणि कुंडी क्रमांक एकमध्ये लावले. तीन फांद्या, तिसरी डावीकडे झुकलेली. पावसाळ्यात ते मी पत्र्याखाली घेत असे.

कुंडी भरण्याचा माझा नियम असा, की तळाच्या भोकावर कौलाचा तुकडा ठेवायचा आणि त्यावर खिळ्याने तारीख व भरणाऱ्याचे नाव कोरायचे. म्हणजे पुढच्या वेळी झाड बदलताना कोणाचे काम होते ते कळते. दोन्ही मुलांना हा नियम मी छडी घेऊन शिकवला.

जुलै २०१९ मध्ये माझे हृदयाचे ऑपरेशन मुंबईला झाले. एकतीस दिवसांनी घरी आलो तेव्हा झाड जागेवर होते, फक्त छाटलेले. मोटारसायकल मात्र नव्हती. ती मी निकेतच्या एकविसाव्या वाढदिवसाला दिली होती.

“विकली,” निकेत म्हणाला.

“पैसे?”

“खर्च झाले.”

“कशावर?”

त्याने माझी औषधांची पिशवी उचलून आत नेली. मी म्हटले, माझ्या हाताची वस्तू विकणारा माझ्या घरात नको. त्याच संध्याकाळी तो नागावला गेला. तिथे बोटींची इंजिने दुरुस्त करतो. गणपतीत येतो, खळ्यातूनच, म्हणजे अंगणातून, पाया पडतो, जातो.

पुढच्या जानेवारीत झाडाला फुले आली. पूर्वी ती गर्द लाल असत, आता कडेला फिकट होती. मी येईल त्याला सांगितले की ही माझ्या नव्या खताची करामत. हे वाक्य मी किती लोकांना ऐकवले त्याची मोजदाद नाही. तेवढीच एक मोजदाद मी ठेवलेली नाही.

डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती आणि कुंडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही हा माझा हट्ट. त्यात मी कुंडी बदलायचे काढले की कमळ काहीतरी काढायची. “अवो, आज अमावास्या हाय.” “पितृपक्षात मुळं उघडी करू नयेत.” “मला सपान पडलं, नको.” मला वाटायचे, ही झाडाला जपते.

शेवटी मुळांनी कुंडीलाच तडा दिला. यंदा दोन मार्चला रावजीला बोलावून कुंडी आडवी केली. माती झटकली, कौलाचा तुकडा खाली पडला. माझी तारीख त्यावर होती. रावजीने तुकडा उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला.

“दत्ता, हे तुजं अक्षर न्हाय. पोराचं हाय.”

कोरले होते: ‘बाबांचे झाड कुजले. हे दुसरे. २९ जुलै २०१९. निकेत.’

मी खाली बसलो. रावजीने माझा चष्मा काढून घेतला, का ते त्यालाही सांगता येत नाही. कमळ दारात उभी होती, हात पिठाचे.

“मीच मारलं ते,” ती म्हणाली. “तुम्ही तिकडे नळ्या लावून पडलेले. सकाळी तुळशीला पाणी घालायची, तसा एक तांब्या त्याला पण घातला, रोज. म्हटलं हे जगलं तर तुम्ही जगाल. इसाव्या दिवशी हात लावला तर बुंधा मऊ. तुमचाच कपाळमोक्ष झाला असं वाटलं मला. निकेत बोलला, आये, रडू नको, बाबांना धक्का बसता कामा नये. गाडी विकली आन तीन दिवस नर्सऱ्या हिंडला, डावीकडं झुकलेली फांदी शोधत.”

“साडेपाच वर्षं सांगितलं नाहीस?”

“कदी सांगू? रोज कोणाला ना कोणाला झाड दाखवत होतात. त्यानं पण मला शपथ घातलेली.”

मला फसवायचे असते तर त्याला तुकड्याची ती बाजू कोरी ठेवता आली असती. त्याने नाव आणि तारीख घातली. नियम माझाच होता.

हे मृत्युपत्र मी त्याच दुपारी लिहायला घेतले. कमळ म्हणाली, “म्हंजे मेल्यावर वाचून दाखवायचं त्याला? फोन करा आधी.” मी केला. काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले होते, पण तोंडून भलतेच आले: “डावीकडची फांदी कुठे मिळाली?”

पलीकडे इंजिनाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

“बाबा, झाड बाहेर काढलंत?”

“काढलं.”

“मग मुळं दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. भरल्यावर आठवडाभर पाणी नको. आयला तांब्या घेऊन जवळ येऊ देऊ नका.”

मीच शिकवलेले मला सांगत होता. मी हो म्हटले. पुढच्या रविवारी तो आला. भर उन्हात ओसरीच्या पायरीवर थांबला. ‘आत ये’ हे दोन शब्द मला बोलावे लागले, आणि ते कोणी शिकवलेले नव्हते. तडा सिमेंटने बुजवून कुंडी त्याने भरली. तुकड्यावर त्याने तारीख कोरली, मग खिळा माझ्यापुढे धरला. तारखेखालची दोन नावे बापलेकाची आहेत.

कलम ५. बावीसही साचे निकेतचे. त्यातला नऊ नंबरचा डाव्या बाजूला दोन सूत जास्त आहे, ही चूक माझी. त्याने सुधारावी.

कलम ६. जे माझे नाही ते मला कोणाला देता येत नाही. म्हणून कुंडी क्रमांक एक, म्हणजे सिमेंट तेवढे, माझ्या मिळकतीत धरावी. आतले झाड धरू नये. ते निकेत दत्तात्रेय थळे याच्या स्वतःच्या पैशाचे आहे.

याच झाडाला मागच्या दिवाळीत पलीकडच्या बंगल्यातल्या शेठनी किंमत सांगितली होती. तेव्हा मी छाती काढून म्हटले होते, स्वतः बियांपासून केलेले झाड मी विकत नाही. कमळच्या हातातला चहाचा ट्रे त्या वेळी का पडला, ते मला आता कळले. काल शेठ पुन्हा आले. मी त्यांना सगळे खरे सांगितले, खतासकट. ते म्हणाले, “कोणी लावलं याच्याशी मला काय? झाड तेच ना,” आणि किंमत वाढवली. मी नाही म्हटले. झाड माझे नसल्यामुळे नाही म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, हे मी जाणतो. निकेतच्या माहितीसाठी, त्यांनी सांगितलेली रक्कम तीन लाख वीस हजार रुपये.

ठिकाण: किहीम
दिनांक: १३ मार्च २०२५

(सही) दत्तात्रेय अनंता थळे

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. (सही) रावजी बाबाजी कवळे. थापी परत केली आहे, बाकीची हत्यारे मला नकोत.
२. (सही) कोकिळा स्वप्निल वर्तक

निकेत हजर होता. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष घालू नये, म्हणून त्याची सही घेतलेली नाही.