चकव्याचं तोंड

११ ऑक्टोबर, शनिवार
आज परत चुकलो. मामाच्या खानावळीचे डबे पोचवायला निघालो, श्रूजबरीतली ती नवी कॉलनी, सगळी घरं एकसारखी, सगळ्यांच्या दारात भोपळे. फोनमधली बाई म्हणाली, पोचलात. समोर तळं. बदकं. वळून दुसऱ्या रस्त्याने आलो तर परत तेच तळं. डब्यातली भेंडी गार.
मामाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "चकवो लागलो तुका. मेलो हयसर पण इलो."
गाडीत एकटाच हसत बसलो. गावी रानात माणसाला फिरवत ठेवतो तो चकवा इथे अमेरिकेत आला कसा? मसाल्याच्या पुडीतून? आणि इथे पायी कुणीच जात नाही, मग चकवणार कुणाला? म्हणून शिरला फोनमध्ये. हे लिहायचं. लिहायचंच.

१३ ऑक्टो., सोम.
चार पानं झाली. नववीत शाळा सोडली, त्यानंतर एवढं सलग कधीच नाही. शुद्धलेखन देव जाणे.
लायब्ररीत पुस्तक परत दिलं. मराठीची एकच फळी, निम्मी वाचून झाली. दारावर कागद: हॅलोविनला संध्याकाळी या, स्वतःची गोष्ट वाचा, गोष्टीतल्याच कुणाचातरी वेष करून या. काउंटरवरच्या ग्रेसबाईला विचारलं, कुठली पण भाषा? म्हणाली, एनी. पुढे बरंच काही पटपट बोलली, मी यस यस. नाव लिहून आलो.

१७ शुक्र.
चकवा दिसतो कसा? आईला फोन केला. "दिसला असता तर लोक चकले असते का?" बरोबर आहे. मामा: "चकव्याक तोंड असता काय रे? चादर घे नि जा." चादर नको. चादरीतली भुतं इथे प्रत्येक अंगणात.
वेषांच्या दुकानात जाऊन आलो. केळं, डायनोसॉर, अंतराळवीर. आपला माणूस एक नाही.

१९ रवि.
सुचलं, भांडी घासताना. सगळं उलटं घालायचं. शर्टाची बटणं पाठीवर, मुखवटा डोक्याच्या मागे. येतोय की जातोय, कळता कामा नये. पुठ्ठा फराळाच्या खोक्याचा. मामीने काजळ दिलं, मिशी मी काढली, जरा तिरकी गेली. मी पाठ करून कांदा चिरत होतो, मामी आत आली ती दचकलीच. पास.

२३ गुरु.
माधवी काकूंना डबा द्यायला गेलो. पुण्याच्या, शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता मुलाकडे असतात. गोष्टीचं कळल्यावर म्हणाल्या, "आण इकडे संतोष, मी इंग्रजी करते. तू मराठीत वाचणार, आणि लोकांनी काय तुझं तोंड बघायचं?" दिली.

२६ रवि.
काकूंनी टाइप करून दिलं. फोनकडून परत मराठी करून घेतलं. वाचून गार. चकव्याला पश्चात्ताप होतो. सगळ्यांची माफी मागतो. शेवटी म्हणे, गाडी चालवताना फोन बघू नये.
काकूंनी त्याला सुधारलाय. बदकं तर काढूनच टाकलीत.
बोलायचं कसं? एवढं प्रेमाने केलंय. आणि बोललो नाही तर शुक्रवारी माझ्या नावावर भलतीच गोष्ट.

२९ बुध.
बोललो. डबा हातात तसाच. काकू चष्मा पुसत राहिल्या.
"अरे, शेवट अर्धवट वाटत होता."
"तो तसाच आहे, काकू."
"आणि बदकं?"
"बदकं पाहिजेत."
चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग, "बरं. आहे तसं करते. पण फुलस्टॉप माझे. तू एक पण दिलेला नाहीस."

३१ शुक्र.
डबे लवकर उरकले. मामा म्हणाला, "जा आता, दात काढू नको."
काकू नऊवारीत आलेल्या. कुणी विचारलं की सांगायच्या, मी गोष्टीतलीच. गोष्टीत त्या कुठेच नाहीत.
माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघतायत आणि मुखवटा मागे भिंतीकडे. हे डोक्यातच आलं नव्हतं. मग वळलो. लोकांना मुखवटा, मला भिंत. भिंतीला काय घाबरायचं? एक तुकडा मी वाचायचो, मग काकू इंग्रजीत. कोण कसं बघतंय काही दिसत नव्हतं. बदकांपाशी मात्र मागून हसण्याचा लोट आला. पुढचा तुकडा मोठ्याने वाचला.
नंतर टोस्टर झालेली एक आजी आली. काहीतरी विचारलं. काकू म्हणाल्या, "ती विचारतेय, त्याला स्वतःचा घरचा रस्ता सापडतो का?"
मी म्हटलं, चकवाच तो, त्याला रस्ते सगळे...
आणि अडकलो.

२ नोव्हें., रवि.
हिवाळ्यासाठी इथे सगळ्यांनी घड्याळं एक तास मागे केली. सगळे झोपलेत, मी वही घेऊन.
आईला विचारलं, चकवा मुळात राहतो कुठे? म्हणाली, ते राहू दे, तू कधी येतोस ते सांग. म्हटलं, बघतो.
नवीन गोष्ट. पहिलं वाक्य झालं: लोकांना फिरवता फिरवता चकवा इतका लांब आला की