फ्लेक्स उतरवा, अण्णा

अण्णा, जय भीम.

फोनवर तुम्ही ओरडता आणि मी रडते, म्हणून लिहिते आहे. बुद्धभूषणला वाचायला सांगा. त्याला म्हणावं, ताईचं एक वाक्यही गाळायचं नाही.

देवगावच्या स्टँडवर लावलेला माझा ‘भावी तलाठी’चा फ्लेक्स उतरवा. मी त्या परीक्षेचा फॉर्म भरलेला नाही, भरणारही नाही. इथं शहरात, शहागंजजवळ, कर्णबधिर मुलांना शिकवते आहे, तेच करणार. नोकरी अजून कायम नाही, हे लपवत नाही.

काल सात वर्षांच्या रेहाननं हातांच्या खुणांनी आईला पहिल्यांदा ‘भूक लागली’ सांगितलं. ती दारातच बसली. “आज तक तो अंदाजे सेच खिलाती थी मैं, बाई,” म्हणाली.

आत्या म्हणेल, “घरातली पहिली बी.ए., अन् खाणाखुणा करती व्हय?” व्हय आत्या, करती.

जेवण वेळेवर होतं. खोलीला खिडकी नाही, पण पंखा चांगला आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

फ्लेक्स फेकू नका, शेळ्यांच्या छपरावर टाका. नवा लावलात तर ‘शिक्षिका’ लिहा. पुढं ‘भावी’ नको, मी झाले आहे.

तुमच्यासारखीच हट्टी,
निशा