बाबांचा डावा पाय

मिल्वॉकी, ३ एप्रिल १९७५

चि. मार्लिस, अ. आ.

तू सोपवलेली कामगिरी फत्ते. काल फोनवर बाबांना सांगितलं, की वॉशिंग्टनच्या नव्या नियमाप्रमाणे मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी हवा; त्यांच्या जुन्या ब्रिटिश गाडीचं सगळं उलटं, तेव्हा ती रस्त्यावर काढणं आता गुन्हा. नियम खराच आहे. तो फक्त कारखान्यातून नव्याने निघणाऱ्या गाड्यांना आहे, एवढं मी गाळलं. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, रूळ उखडलेल्या रेल्वे फाटकापाशीही अजून थांबून, आगगाडी येते का म्हणून कान देतो. लगेच बरं म्हणाले.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते गाडीवर निघाले की तुझा जीव टांगणीला लागायचा. आता निवांत झोप. दादावर माया असू दे.

ऑर्विल

व्हिरोक्वा, १९ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

कसली झोप न् कसलं काय! बाबांनी जुनी गाडी चीजच्या कारखान्यातल्या गुन्नरला देऊन टाकली आणि नवी जपानी आणली. अगदी कायदेशीर. वेगाचा काटा मैलही दाखवतो आणि किलोमीटरही. आपण मैलच बघायचे, असं मला दोनदा बजावलं, जणू चालवणार मीच आहे.

त्यांचा डावा पाय मात्र अजून ब्रेकच शोधतो. काल अंगणात थांबायला गेले आणि गिअर बदलून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात शिरले. जुन्या गाडीवर त्यांना कधी ओरखडा उठला नव्हता रे. त्यांना खरं सांग. तू थोरला आहेस, शिवाय फोन तूच केला होतास. बाकी क्षेम.

मार्लिस

मिल्वॉकी, २४ एप्रिल

चि. मार्लिस, अ. आ.

घाई नको. पाय शिकतील. आत्ता सांगितलं तर यापुढे आपलं एक अक्षर ऐकणार नाहीत. कोंबड्या कशा आहेत ते कळव.

ऑर्विल

व्हिरोक्वा, २ मे

ती. दादास, सा. न.

कोंबड्या बऱ्या आहेत. बाबा दवाखान्यात आहेत. चौकात दुधाचा ट्रक आडवा आला, त्यांनी डावा पाय सर्व ताकदीनिशी दाबला, आणि तिथे ब्रेक नव्हता. खांद्यापाशी हासळीचं हाड मोडलं. ट्रकवाल्याची माफी त्यांनीच मागितली.

मला म्हणाले, गाडी बरोबर होती, सरकारही बरोबर आहे, माझेच पाय बावळट झाले. आता गाडी विकून टाक. दादा, हेच तर आपल्याला हवं होतं! मला रडू आवरेना. तिथेच सगळं सांगून टाकलं. तुझं नाव आधी घेतलं.

मार्लिस

व्हिरोक्वा, ११ मे

चि. ऑर्विल व मार्लिस यांस आशीर्वाद.

हात गळ्यात बांधलाय, म्हणून दोघांत एकच पत्र. मार्लिस शेजारच्या खोलीत आहे, पण तिच्याशी सध्या मी बोलत नाही.

हाड दुखत नाही. दुखलं ते वेगळंच. माझं शरीर मला फितूर झालं, असं समजून मी दवाखान्यात रडलो. तेव्हा पाय तर जन्मभराची शिकवण नेमकी पाळत होते. फितूर तुम्ही होतात.

गुन्नर भला माणूस, गाडी परत देतो म्हणाला. खांदा सांधला की ती रस्त्यावर काढणार आहे.

कायदा मध्ये आणायची काही गरज नव्हती. बाबा, आम्हाला भीती वाटते, एवढंच म्हणाला असतात, तर मी त्याच दिवशी थांबलो असतो.

तुमचा बाप,
अॅल्विन टोलेफसन