लाल चिंधीची कणसं

दादा,

काळ्या रानात कोरडवाहू ज्वारी पेरणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे: कणीस वर्षागणिक बारीक होत जातं, आणि विचारायला गेलं तर जो तो जमिनीला नाहीतर पावसाला बोल लावून मोकळा होतो. बियाकडे कुणी बोट दाखवत नाही. हे मी गावोगावच्या पारावर, चावडीसमोर, बाजारात बैलगाडीवर उभा राहून इतक्यांदा ओरडून सांगितलं आहे की आता झोपेतही म्हणू शकेन. तुम्हाला मात्र ते शांतपणे कधी सांगता आलं नाही. आवाज न चढवता बोलण्याची आपल्या बापलेकांत रीतच नव्हती. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

तेव्हा मी परभणीकडच्या सरकारी शेतावर कामाला लागलो होतो. निजामी होती. हुकूम उर्दूत यायचे, पुस्तकं इंग्रजीत यायची, आणि ज्वारी मात्र मराठीतच उगवायची, असं मी पुढे भाषणांत म्हणायचो आणि लोक हसायचे. तिथं मी एक गोष्ट शिकलो. बी खळ्यावर निवडायचं नाही, उभ्या पिकात निवडायचं. खळ्यावर नुसतं कणीस दिसतं. ते बांधाकडेला ऐसपैस जागेत वाढलं की गर्दीत शेजाऱ्यांशी ओलीसाठी झगडून भरलं, हे कळत नाही. म्हणून रानाच्या मध्यात जायचं, दाटीतसुद्धा जे धाट सरळ उभं आणि कणसानं भरलेलं असेल त्याला खूण करायची, आणि ते पुरतं वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

आपल्या घरी नेमकं उलटं चाललेलं. आपला हुरडा पंचक्रोशीत नावाजलेला, कारण पाहुणा आला की तुम्ही स्वतः रानात शिरून सगळ्यांत टपोरी कणसं हुडकून आणायचा. बी धरायचं ते उरलेल्यातून. म्हणजे रानातलं उत्तम ते दरसाल आगटीत भाजलं जायचं आणि मागं राहिलेलं पेरलं जायचं. ही चूक कंजूष माणसाच्या हातून होत नाही, दादा. ती दिलदार माणसाच्याच हातून होते, आणि म्हणूनच ती सुधारणं इतकं अवघड.

त्या पौषात मी सुटी काढून आलो, आईच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून चिंध्या केल्या आणि निवडक धाटांना बांधत सुटलो. तुम्ही बांधावर येऊन उभे.

"हे काय करून राहिलास? रानाला नवस बोललास का?"

"बी हाय, दादा. ह्याला हात लावायचा न्हाई."

"आन् परवा व्याही येऊन राहिले, त्यांच्यापुढं काय ठिवू? कडबा?"

बहिणीचं लग्न त्याच साली झालेलं. साखऱ्याहून तिचे सासरे पहिल्यांदाच हुरड्याला येणार होते, बरोबर तिलाही आणणार होते. हुरड्यात काही कमी पडलं तर टोमणे तिला ऐकावे लागतील, हे मलाही कळत होतं. तरी मी भाषण ठोकलं. बी, माती, शेतकऱ्याची गुलामी, वाचलेलं होतं तेवढं सगळं. तुम्ही पुरतं ऐकून घेतलंत.

"आवाज लई खणखणीत हाय तुझा," तुम्ही म्हणालात. "पाखरं उडाली सगळी, तेवढं बराबर झालं. पर माझी लेक त्या घरात नांदती. पाव्हण्याला मी उरलंसुरलं देणार न्हाई."

तो दिवस अजून तसाच समोर उभा आहे. आगटी पेटली आहे, गोवऱ्यांचा धूर सरळ वर जातो आहे. आई तिळाची चटणी घेऊन आली आहे, बहीण पदर सावरत तिच्यामागे. व्याही घोंगडीवर बसले आहेत. तुम्ही विळा घेऊन ज्वारीत शिरता. दाटीत मला फक्त तुमचा पटका दिसतो. तो एका लाल चिंधीपाशी थांबतो. बराच वेळ थांबतो. मग पुढे सरकतो. तुम्ही बाहेर आलात तेव्हा हातातली कणसं चांगली होती, पण चिंधी एकालाही नव्हती.

व्याह्यांची नजर मोठी बारीक. तळहातावर गरम कणीस मळत, फुंकर मारत ते म्हणाले, "हुरडा ग्वाड हाय, व्याही. पर ते लाल फेटेवाले नवरदेव कुणासाठी राखलेत? आमच्यापरीस मोठा पाव्हणा येणार हाय का?"

बहिणीचा हात चटणीच्या वाटीवर तसाच थांबला. मी तोंड उघडणार एवढ्यात तुम्ही बोललात.

"तुमच्यासाठीच राखलेत. बी हाय ते. आज खाल्लं तर एका बैठकीत सरंल. पुढल्या पौषात या, ह्याच्याच पोटचा हुरडा खाऊ घालतो. न्हाई जमलं तर माझ्या ह्या पोराचं तोंड बंद करा, मी न्हाई अडवणार."

व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तेवढ्यासाठी तरी येतोच!"

ते आले. खाऊन झाल्यावर माझं तोंड बंद करायची भाषा त्यांनी काढली नाही, बी मागितलं. तुम्ही ते आईकरवी बहिणीच्या ओटीत घातलंत. मी इतके दिवस ओरडत होतो, पण आपलं बी गावाबाहेर पहिल्यांदा गेलं ते असं, लेकीच्या पदरात.

निजामीच्या शेवटच्या साली, लुटालुटीच्या भीतीनं, आपण घर सोडून हद्दीपलीकडे वाशीमकडे राहिलो. परतलो तेव्हा कणगी रिकामी होती. पेरणीची ओल हातची जात होती आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून होतात. तेवढ्यात साखऱ्याची गाडी दारात आली. व्याह्यांनी पोतं उतरवलं. "तुमचंच तुमाला वाढाय आलो, व्याही. आमी बी चिंध्याच बांधतो आता. सूनबाई कुणाला हात लावू देत न्हाई." तुम्ही पोत्यात हात घातलात, चार दाणे तोंडात टाकलेत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "आता ह्याच्यावर भाषण नको." तुम्हाला इतकं हसताना मी पुन्हा क्वचितच पाहिलं.

उद्या साखऱ्यात हुरडा आहे आणि मला बोलायला बोलावलं आहे. सांगणार आहे ते एवढंच: आगटी पेटवायच्या आधी रानाच्या मध्यात जा आणि भरल्या धाटांना चिंधी बांधा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगायला हरकत नाही. तुम्ही गेल्यापासून दरसाल चिंध्या बांधताना एक सगळ्यांत टपोरं कणीस मी मुद्दाम मोकळं सोडतो आणि कुणी बघत नाही असं पाहून तुमच्या नावानं भाजून खातो. शास्त्रात ते बसत नाही. पण फार गोड लागतं.