सर्पगंधेची पूड

१२ नोव्हेंबर
बीपी १२४/८०. हे मशीनकडे बघून असे खूश, जणू यांनीच उतरवलं. नणंद हिराने चिरनेरहून दिलेली सर्पगंधेची पूड दिवाळीआधीपासून घेतेय. गोळ्या बंद. फोनवर हिरा: "बगितलंस वयनी? आमच्या मुळीपुढं तुज्या गोळ्या काय करतील!" खरंय. फक्त नाक सारखं चोंदतं आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही.

२० नोव्हेंबर
नात झाली. सुनेने, स्नेहलने, स्वतः माझ्या मांडीवर दिली. टोपडं, मिटलेल्या मुठी, सगळं पाहिलं. आत काही हललं नाही. कुणाचं तरी गाठोडं सांभाळत बसल्यासारखं. सगळ्यांचे डोळे भरले, मीही पदर लावला. खोटा. या दिवसाची किती वाट पाहिली होती. कसली आजी मी?

२७ नोव्हेंबर
बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. डिंक तळला, गॅस बंद केला, तशीच बसून राहिले. हे म्हणाले, "अगं, बीपी झकास आहे. आता काय झालं तुला?" काय सांगू? कशातच राम वाटत नाही. लाडू शेवटी शेजारणीने वळले.

३ डिसेंबर
नाकासाठी कळंबोलीच्या डॉ.कडे. "गोळ्या चालू आहेत ना?" खोटं बोलवेना, पूड सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मन कसं आहे?" तिथेच हमसाहमशी रडले. म्हणाले, ही मुळी बीपी उतरवते खरं, पण काहींचं मनही खचवते. पूड बंद, गोळी सुरू. "घरी सांगा. पुढच्या आठवड्यात या. असंच राहिलं तर मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ." यांना सांगितलं. बराच वेळ माझा हात धरून बसले.

४ डिसेंबर
हिराला कळलं. "मी काय तुला इख दिलं? मी नाय बोलत आता!" फोन ठेवला. मायेनेच दिली होती बिचारीने. पण देवा, दोष पुडीचाच निघू दे. पूड गेली आणि हे असंच राहिलं, तर मग मीच अशी...

२८ डिसेंबर
बारसं, सव्वा महिन्यानं. बीपी थोडं चढलंय, डॉ. गोळी वाढवतील. हिरा आली, माझ्याशी बोलली नाही. नातीला घेऊन बसले. पाय भरून आले म्हणून स्नेहलकडे दिली. थोड्या वेळाने परत मागितली. मग पुन्हा एकदा. स्नेहल हसली, "आई, सोडवत नाही ना तिला?" मी हो म्हटलं. माया होती की तपासून बघत होते, माझं मलाच कळलं नाही.