बाईसाहेबांचे कान

३ जुलै
शाळेत आरोग्य तपासणी झाली. वजन ठीक, दात ठीक, डोळे उत्तम. खाली शेरा: दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असावं, तज्ज्ञांना दाखवा. एका हॉलमध्ये अख्खी शाळा कलकलाट करत असताना माझे कान तपासले तर मीही नापासच होईन!
आमच्या बाईसाहेब (कन्या, इयत्ता दुसरी) बहिऱ्या नाहीत, हट्टी आहेत. आईचं सगळं ऐकतात, माझंच ऐकत नाहीत. बहिरं माणूस असं निवडून ऐकतं का? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझ्या एका शब्दावर मोठमोठी माणसं करकचून ब्रेक दाबतात. घरात मात्र पालथ्या घड्यावर पाणी.
संकल्प: उद्यापासून शिस्त.

४ जुलै
चप्पल जागेवर ठेव, असं तीनदा सांगितलं. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कान पिळला. रडली. ही (म्हणजे बाईसाहेबांची आई) माझ्याशी बोलत नाहीये.

६ जुलै, सकाळी
मिशी कापताना डावीकडून जरा जास्त गेली. उजवीकडून बरोबरी केली. मग पुन्हा डावी. शेवटी काहीच उरलं नाही. कॉलेजपासूनची झुपकेदार मिशी! ओठ झाकले जायचे, असा तिचा थाट. आरशात कुणीतरी उपाशी मेहुणा उभा आहे असं वाटतं.
संकल्प: पुन्हा वाढवायची.

८ जुलै
चमत्कार! दप्तर आण म्हटलं, आणलं. पाणी दे म्हटलं, दिलं. तेही एका शब्दावर. शिस्तीचं फळ. हिला म्हटलं, बघ, बाप कडकच हवा. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.
तज्ज्ञांचा विषय संपला.

११ जुलै
वर्गशिक्षिकांचा फोन. दाखवलंत का? म्हटलं, घरीच टेस्ट घेतली. खोटं नाही, फोन ठेवल्याबरोबर घेतली. बाईसाहेबांना समोर बसवून अगदी कुजबुजत विचारलं, आइस्क्रीम खाणार का? वाक्य पुरं व्हायच्या आत हो! ही म्हणाली, आता पाठीमागून विचारा. म्हटलं, पाठीमागून विचारणं ही काय रीत झाली? आमच्या घरात जे काही ते तोंडावर.
छातीत धडधडतंय. ॲसिडिटी असणार.

१५ जुलै
बाईसाहेब खिडकीशी चित्र रंगवत होत्या. मी मागे जाऊन उभा राहिलो. हाक ओठांवर आली होती, मारली नाही. नाही वळली तर मी काय करू? देवा, मी काय करू?
ॲसिडिटीची गोळी घेतली. फरक नाही.

१९ जुलै
हिने परस्पर अपॉइंटमेंट घेतली. पोरीवर अन्याय होऊ नये म्हणून मीही गेलो.
कानाच्या डॉक्टरांनी तोंडापुढे कागद धरला. मी एकेक शब्द बोलेन, तो तू म्हणायचा, असं त्यांनी तिला आधीच समजावलं होतं. घर. बाईसाहेब गप्प. चेंडू. गप्प. खालचा ओठ थरथरायला लागला. लेक नापास होताना मला बघवेना. मी डॉक्टरांच्या पाठीमागेच बसलो होतो. पुढचा शब्द आला तसा मी नुसते ओठ हलवले. फूल. ती म्हणाली, फूल! दार. दार! कपाट. कपाट! ऊर भरून आला.
डॉक्टर वळल्या. तुम्ही तिला सांगताय का, म्हणाल्या. मी ताठ होऊन म्हटलं, छे, मी तोंडातून आवाजसुद्धा काढला नाही.
बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.
हिने माझा हात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

२० जुलै
दोन्ही कानांना मशीन लागणार. ती ओठ बघून समजून घेते, डॉक्टर म्हणाल्या.
संध्याकाळी समोर बसून विचारलं, बाळा, मिशी होती तेव्हा मी काय सांगायचो ते कळायचं का? म्हणाली, नाही, पण रागावलात एवढं कळायचं.
त्या दिवशी कुठला कान पिळला होता, तेही आठवत नाही.
ओठावर पुन्हा खुंट आलेत. बाईसाहेब त्यांच्याकडे काळजीने बघत होत्या. उठलो, दाढीचं सामान काढलं. या वेळी दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या.